आच कोणी राखायची?

साशंक : तुझं भाजायचं यंत्र मी तीनदा पाहिलं. झाकण उघडलं की जाळी दिसते, जाळीखाली पोलादी पत्रा दिसतो, बाजूला लाकडाच्या गोळ्यांनी भरलेली पेटी आणि पुढे आकडे. विस्तव तेवढा दिसत नाही. तू आकडा लावतोस आणि घरात निघून जातोस. मी तीस वर्षं इथे ओहायोत कोळशाच्या गोल ग्रिलवर भाजतोय. पहिली दोन वर्षं कोंबडी वरून काळी आणि हाडाशी लाल निघायची. त्या दोन वर्षांत मी शिकलो ती आच. जाळीच्या वर वीतभर अंतरावर हात धरायचा आणि किती वेळ सोसवतो ते मोजायचं. खालची झडप बोटभर उघडली तर दहा मिनिटांनी काय होतं ते लक्षात ठेवायचं. भाजायला शिकणं म्हणजे माझ्या लेखी आच ओळखायला शिकणं, आणि तुझं यंत्र नेमकी तीच नवशिक्यापासून लपवतं. चवीचं नंतर बोलू. माझा पहिला आक्षेप हा आहे.

उत्साही : काका, विस्तव लपलाय हे खरं, पण तो आहे, आणि लाकडाचाच आहे. पत्र्याखाली मूठभर गोळ्या मावतील एवढी एक पोलादी वाटी असते. पेटीतल्या गोळ्या मळसूत्रासारख्या फिरणाऱ्या दांड्यावरून, म्हणजे ऑगरवरून, सरकत सरकत त्या वाटीत पडतात. सुरुवातीला विजेची एक सळई लाल होऊन पहिल्या गोळ्या पेटवते. काही मिनिटांनी सळई बंद होते; पुढे निखारे आणि खालून वारा घालणारा पंखा. आत तापमान मोजणारी दांडी आहे. तापमान उतरलं की ऑगर जास्त फिरतो, चढलं की कमी. तुम्ही झडपेशी जे करता तेच हे करतं, फक्त दर काही सेकंदांनी. आणि ही कल्पना आपल्या घरांना परकी नाही. भुशाची शेगडी आठवते ना? मधे बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासायचा, बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची आणि खालच्या तोंडातून पेटवायचं. मग तास न् तास एकसारखी धग.

साशंक : आठवते म्हणजे काय, ती ठासायचं काम सुट्टीत माझ्याकडेच असायचं. वखारीतून पोतं यायचं. आई आधी मूठभर भुसा घेऊन दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर भुसा दमट आहे, उन्हात पसरा. भुरभुर सुटला तर चालेल. ठासताना हात सैल पडला तर रात्रीच्या भाकऱ्या अर्ध्यावर असताना मधलं भोक ढासळायचं आणि घरभर धूर. तू सांगितलंस त्यात हाच भाग गळला. शेगडी एकसारखी जळायची ती आईच्या मुठीमुळे.

उत्साही : ती मूठ इथेही लागते. या गोळ्या म्हणजे दाबलेला भुसाच. 1973 च्या तेलटंचाईनंतर इथे लाकूडगिरण्यांतला भुसा जळण म्हणून वापरण्याला जोर आला. भुसा वाळवून, बारीक करून, भोकांच्या साच्यातून प्रचंड दाबाने ढकलायचा. दाबाने तो तापतो, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच थंड होताना कणांना धरून ठेवतं. निराळा डिंक लागत नाही. आधी या गोळ्या घरं उबदार ठेवणाऱ्या शेगड्यांत गेल्या. मग ओरेगॉनमधल्या माउंट एंजल या गावातल्या जो ट्रेगर यांनी त्यांच्यावर चालणारं ग्रिल बनवलं. 1986 मध्ये त्यांना पेटंट मिळालं, 2006 मध्ये ते संपलं, आणि त्यानंतर इतर कंपन्यांची ग्रिलं बाजारात आली. आता मुठीचं सांगतो. गोळी जेमतेम सहा मिलिमीटर जाडीची असते, वरून चकचकीत. दोन बोटांत धरून मोडली तर कट्कन आवाज यायला हवा. न वाजता वाकली, भुगा झाला, तर ती दमट आहे. पाण्याचा थेंब लागला तर फुगून पुन्हा भुसाच होते. पावसात पेटीचं झाकण उघडं राहिलं तर तो भुसा ऑगरभोवती फुगतो आणि वाळून सिमेंटसारखा घट्ट बसतो, मग सगळं खोलून ठोकून काढावं लागतं. म्हणून मी उघडलेली पिशवी घट्ट झाकणाच्या बादलीत ओततो आणि दर वेळी वरच्या दोन गोळ्या मोडून बघतो. आणि घर तापवायच्या स्वस्त गोळ्या इथे चालत नाहीत. त्यांत चीड-देवदारासारखं राळ असलेलं लाकूड असू शकतं, आणि तो धूर अन्नाला लागतो.

साशंक : बरं, मोडून पाहिलं. पुढे? माझा विस्तव मंदावतो तेव्हा मला कळतं. निखाऱ्यावर राखेचा पांढरा थर चढतो, चरबीचा थेंब पडला तर चर्र वाजत नाही. तुझा विस्तव मेला तर कोण सांगणार?

उत्साही : हे मी किंमत मोजून शिकलो. पहिल्या हिवाळ्यात मेंढीचा खांदा लावला होता, 225 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे 107 सेल्सियसवर. सकाळी सातला सुरू केलं. दुपारी पाहिलं तर आकडा 180 वर आलेला. मला वाटलं बाहेर थंडी आहे, चढेल. तासाने 140. मी बटण बंद केलं आणि लगेच पुन्हा चालू केलं. पाच-सात मिनिटांनी चिमणीतून दाट, पिवळट-पांढरा धूर यायला लागला, आणि मग धप्प आवाज होऊन झाकण उचललं गेलं. मी चार हात मागे होतो म्हणून भागलं. कारण साधं होतं. आधीच्या चार-पाच वेळांची राख मी वाटीतून काढलीच नव्हती. राखेने हवेची भोकं बुजली, विस्तव गुदमरून विझला. यंत्राला फक्त तापमान उतरल्याचं कळत होतं, म्हणून ते गोळ्या घालत राहिलं. वाटी भरून वर ढीग झाला. मी पुन्हा पेटवल्यावर तो सगळा ढीग आधी धुमसला, आत धूर कोंडला आणि कोंडलेला धूरच पेटला. करायला हवं होतं ते असं: बंद करायचं, प्लग काढायचा, पूर्ण निवू द्यायचं, मांस, जाळी, पत्रा बाहेर, वाटी रिकामी, आणि मग झाकण उघडं ठेवून नव्याने पेटवायचं. मांस घरातल्या ओव्हनमध्ये पुरं करायचं.

साशंक : माझ्या मनात होतं ते तूच बोललास. माझ्या ग्रिलवर चूक हळूहळू होते आणि डोळ्यांसमोर होते. कोळसा कमी पडला तर कोंबडी कच्ची राहते, आणि मला ते अर्धा तास आधी दिसत असतं. तुझ्या यंत्रात चूक पाच शनिवार मागे झालेली असते. राखेच्या रूपाने ती साठत जाते, आकडा मात्र 225 म्हणत राहतो, आणि एक दिवस सगळं एकदम. नवशिक्याला हे सोपं कसं? जे त्याला दिसतं ते सोपं आहे, एवढंच.

उत्साही : चूक मागे झालेली असते, हे मानलं. पण म्हणूनच काळजीची वेळ बदलते. तुमची काळजी भाजताना असते, माझी भाजण्याआधी आणि भाजून झाल्यावर. दर दोन-तीन वेळांनी वाटीतली राख व्हॅक्यूमने ओढायची. यंत्र पूर्ण थंड झाल्यावरच, कारण राखेखाली दबलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो आणि व्हॅक्यूमची पिशवी पेटवू शकतो. संपल्यावर सरळ प्लग ओढायचा नाही. बंद करण्याचं बटण दाबलं की ऑगर थांबतो आणि पंखा चालत राहतो, वाटीतल्या उरलेल्या गोळ्या जळून जाईपर्यंत. प्लग ओढला तर पंखा मरतो, गोळ्या वाटीतच धुमसतात, आणि विस्तव दांड्यावरून मागे पेटीकडे सरकू शकतो. आणि चरबी. जाळीखालचा पत्रा उतरता असतो, त्यावरून चरबी ओघळून बाहेर टांगलेल्या डब्यात पडते. हळू भाजलेल्या मांसाची चरबी पत्र्यावर थिजून राहते. पुढच्या वेळी तुम्ही 450 वर पिझ्झा लावता आणि ती पेटते. म्हणून मोठ्या आचेच्या आधी पत्रा खरवडायचा, त्यावरचा फॉइल बदलायचा. पेटलीच तर झाकण बंद, यंत्र बंद, पाणी अजिबात नाही. नवं ग्रिल आणलं तर पहिल्या दिवशी काहीच शिजवायचं नाही. रिकामा ऑगर भरायला काही मिनिटं लागतात, मग 350 अंशांच्या वर अर्धा-पाऊण तास रिकामंच जाळायचं, कारखान्यातलं तेल उडून जाण्यासाठी.

साशंक : आणि तारेचा ब्रश?

उत्साही : टाकून दिला. तारेचा तुकडा जाळीला चिकटतो, तिथून घासात जातो. सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने 2012 मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या अशा सहा रुग्णांची नोंद छापली होती, काहींना शस्त्रक्रिया लागली. मी लाकडी पट्टीने खरवडतो.

साशंक : तू सांगितलंस ते सगळं मी लक्ष देऊन ऐकलं. त्यात राख आहे, चरबी आहे, व्हॅक्यूम आहे, फॉइल आहे. भाजणं कुठे आहे? तू यंत्राची नोकरी करतोस आणि यंत्र स्वयंपाक करतं.

उत्साही : काका, तुमच्या आईने सकाळी उठून आधी काय केलं असेल? चुलीतली राख ओढली असेल, बाजूला काढून भांड्यांना ठेवली असेल, चूल शेणा-मातीने सारवली असेल. कंदिलाची काच पुसणं, बंबातली राख झटकणं, ही कामं घराघरांत कुणीतरी करत होतंच. ती स्वयंपाकाबाहेरची होती असं तुम्ही म्हणाल का? ती दिसत नव्हती, कारण ती करणाऱ्या बायकांना त्याचं श्रेय कुणी दिलं नाही. विस्तवापुढे उभं राहून चिमटा फिरवणं ही हुकमत, आणि दुसऱ्या दिवशी थंड राख काढणं ही हमाली, ही वाटणी मला मान्य नाही. मला उलट वाटतं की ज्याने राख पाहिली नाही त्याने विस्तव अर्धाच पाहिला.

(लेखकाला इथे थांबावंसं वाटतं. अंगणात भाजणाऱ्या पुरुषांच्या बोलण्यात आचेच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या, राखेची ही पहिलीच. ती खरी आहे.)

साशंक : हे लागलं. मी माझ्या ग्रिलची राख कित्येकदा मुलीकडून काढून घेतली आहे. ठीक. पण सारवणारी आई विस्तवही ओळखत होती. तिच्या हातात दोन्ही होतं, तुझ्या नवशिक्याच्या हातात एकच. आता चवीवर येतो. मागच्या उन्हाळ्यात तू भरीत केलंस. वांगी मऊ होती, सालं सुरकुतलेली, पण काळी झाली नव्हती. भरताची चव सालाच्या करपण्यात असते, ते करपणं आत उतरतं. तुझ्या भरताला धुराचा वास होता, दुरून आल्यासारखा.

उत्साही : भरीत फसलं, हे मान्य. 500 अंशांवर अर्धा तास ठेवलं होतं. सालाला ज्योत लागावी लागते, आणि या यंत्रात ज्योत पत्र्याखाली असते. वर पोचते ती गरम हवा. म्हणून ज्याला ज्योत चाटायला हवी ते यात करू नये: भरीत, पापड, मक्याचं कणीस. धूर कमी का, तेही सांगतो. लहान वाटी, भरपूर हवा, कोरडं लाकूड, त्यामुळे जळण जवळजवळ पूर्ण होतं. गंमत अशी की गोळीला धरून ठेवणारं जे लिग्निन, तेच उष्णतेने फुटून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही धुराची गंधद्रव्यं देतं. विस्तव स्वच्छ जळाला तर तीही जळून जातात. म्हणून धूर हवा असेल तर पहिले दोन तास 180 ते 200 वर ठेवायचं, गोळ्या तेव्हा थोड्या धुमसतात. तरी ओंडक्याच्या धुराची बरोबरी होत नाही.

साशंक : नाहीच होत. टेक्ससमध्ये लॉकहार्टला एकदा गेलो होतो. पोस्ट ओकचे ओंडके, भट्टीपाशी रात्रभर माणूस. ते मांस खाल्लं तेव्हा त्या माणसाचं जागरण खाल्ल्यासारखं वाटलं. तुझं यंत्र स्पर्धेत चालतं का?

उत्साही : चालतं. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या नियमांत जळण लाकूड, लाकडी गोळ्या किंवा कोळसा असावं असं आहे. गॅसवर किंवा विजेच्या उष्णतेवर शिजवलेलं चालत नाही, पण विजेने फिरणारा ऑगर आणि पंखा चालतो. म्हणजे उष्णता लाकडाची हवी, हात कुणाचा हे त्यांनी खुलं ठेवलं.

साशंक : परीक्षक डबा उघडून चव घेतात. डबा कुणाचा हे त्यांना माहीत नसतं, रात्र कशी गेली हेही नसतं. स्पर्धेला तेवढं पुरतं. मला शिकण्याचं विचारायचंय. पोपटी लावताना रायगडातली माणसं मडकं भांबुर्ड्याच्या पाल्याने भरतात, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि उलटं ठेवून भोवती जाळ करतात. आत बघायची सोय नाही. जाणता माणूस मडक्यावर पाण्याचे थेंब उडवतो आणि चर्र झाला की काढा म्हणतो. ते थेंब मारायची अक्कल आकड्याने येईल?

उत्साही : पोपटीतही विस्तवापेक्षा आतल्या मालाचा अंदाज मोठा आहे, तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे! खांदा भाजताना मांसाचं आतलं तापमान 65 अंश सेल्सियसच्या पुढे कुठेतरी अडकतं. तासन् तास हलत नाही. पहिल्यांदा मला वाटलं यंत्र बिघडलं. पण बाहेर आकडा 225 वर ठाम होता. म्हणून कळलं, विस्तवाचा दोष नाही. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतंय, आपल्याला घाम येऊन गार वाटतं तसं. पाणी संपलं की पुन्हा चढतं. पुढे 95 च्या आसपास पोचेपर्यंत मांसातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं, सळई टोचली तर लोण्यात शिरावी तशी शिरते, आणि तेव्हा काढायचं. आकड्याने नाही, त्या शिरण्याने. कोळशावर असतो तर मी त्या तीन तासांत दहा वेळा झडप हलवली असती आणि मांस काय करत होतं हे मला कधीच समजलं नसतं. एक गोष्ट स्थिर धरल्यावरच दुसरी हलताना दिसते. नवशिक्याला मी एवढंच देऊ पाहतो, की विस्तव त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी धरून ठेवावा आणि त्याने मांस ओळखावं.

साशंक : हे तू नीट मांडलंस, आणि याला माझ्याकडे उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. माझी ती दोन वर्षं, वरून काळी आणि आत लाल, त्यांत कोंबडीबद्दल मी काही शिकलो का? बहुधा नाही. 74 सेल्सियसला कोंबडी खायला निर्धोक होते हे मला सुनेने थर्मामीटर दिल्यावर कळलं. पण मग प्रश्न असा उरतो की विस्तव दुसऱ्या कुणी धरायची सवय झालेला माणूस तो कधी आपल्या हातात घेईल का? वादळात वीज जाईल तेव्हा?

उत्साही : वीज गेली तर माझ्याकडे काही नाही. पेटवताना तीनशे वॅटच्या आसपास लागते, नंतर पन्नासाच्या आत, म्हणून लहान बॅटरीवर चालतं. ती नसेल तर विस्तव धुमसत पडतो, आणि वीज परत आली म्हणून सरळ बटण दाबलं तर पुन्हा तोच ढीग, तोच धप्प. थांबून, रिकामं करून, नव्याने. हे यंत्र सांगत नाही. सांगायला माणूस लागतो.

साशंक : आणि तो माणूस ज्याने विस्तव पाहिलाय असा लागतो.

उत्साही : ज्याने राख काढलीय असाही चालेल.

साशंक : कदाचित. मला ठरवता येत नाही. एक सांग, जाळी आणि पत्रा काढून यंत्र पेटवता येतं?

उत्साही : येतं. नव्या यंत्रात पहिल्यांदा तसंच पेटवून बघतात. वाटी उघडी ठेवायची आणि बटण दाबायचं. ऑगरची घरघर ऐकू येते, मग दोन गोळ्या, चार गोळ्या टपटप पडतात, सळई लाल होते, चार-पाच मिनिटं नुसता धूर, आणि मग एकदम पिवळी ज्योत वाटीच्या काठावर येते.

साशंक : मग येत्या शनिवारी मांस आणू नकोस. आधी ते बघू. मी कोळसा आणि चार वांगी घेऊन येतो.